नाव जेवणानंतर

घरातून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत तीन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक नवं कोरं पितळी कुलूप होतं. कुलूप माझ्या आतेभावानं, अनिलनं, आणून दिलेलं. कडेगावच्या पुढच्या एका खेड्यात त्याची आई, म्हणजे माझी सुलोचनाआत्या, एकटी राहते. मी जायचं, आत्याला पुण्याला घेऊन यायचं आणि येताना घराला ते कुलूप ठोकायचं, एवढंच काम होतं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. वाचून चार माणसं तिकडं गेली तर आत्या त्यांनाही जेवायला बसवेल, आणि तिचा हात नुकताच मोडला होता म्हणून तर मी निघाले होते.

अनिलची तक्रार खोटी नव्हती. आत्याचं घर एसटीच्या थांब्याला लागून आहे. तिथं रोज संध्याकाळी मुक्कामी गाडी येते. मुक्कामी म्हणजे रात्री गावातच उभी राहून पहाटे परत जाणारी. गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर आत्याकडं जेवतात आणि पुढची वाट चुकलेला, जोडगाडी हुकलेला कोणीही उतरला तर तोही जेवतो. आत्या निवृत्त नर्स. पेन्शनीत भागवते आणि वर म्हणते, देवाचं आहे, देवाच्या माणसांनी खावं. अशाच एका पाहुण्यासाठी गरम पाणी काढताना ती मोरीतल्या गुळगुळीत फरशीवर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. अनिल फोनवर ओरडला तो तेव्हा. पूर्वी एकानं जेवून जाताना तिचा तांब्याही पळवला होता, तेही त्यानं उकरून काढलं.

"मी गेलो की आमचं भांडण होतं," तो मला म्हणाला. "तू शाळा चालवलीस. तुझं ती ऐकेल."

मला त्यात शंका नव्हती. बत्तीस जणींच्या शिक्षिकाखोलीत जिनं शांतता ठेवली तिला एक आत्या काय जड?

महाबळेश्वर

थेट जायचं सोडून मी महाबळेश्वरला का गेले, असं कोणी विचारेल. शाळेतल्या दोन मैत्रिणी तिथं जमल्या होत्या, आणि चांगल्या कामाच्या आधी माणसानं थोडी चैन करावी या मताची मी आहे.

स्ट्रॉबेरीचे दिवस होते. लाल मातीच्या वाफ्यांवर काळं प्लास्टिक आणि त्यातून डोकावणारी फळं. शेतकरीण म्हणाली, "तोडून खा, पोटात किती मावतंय त्याला बंदी न्हाई." मी खाल्ल्या. मैत्रिणींनी फोटो काढण्यात वेळ घालवला, मी घालवला नाही.

आमच्या हॉटेलच्या दारावर पाहुणा म्हणजे देव अशा अर्थाची भलीमोठी पाटी होती. त्या देवाला खोली मिळण्याआधी ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंच्या प्रती द्याव्या लागल्या, आणि सकाळी आंघोळीच्या गरम पाण्याची दुसरी बादली मागितली तर वेगळे पैसे पडतील असं कळलं. हसू नये, कारण पुण्यात आमच्या सोसायटीतही हेच चालतं. माझ्या सख्ख्या भावाला फाटकावर नाव, फोन, कोणाकडं, कशासाठी, सगळं सांगावं लागतं, मग माझ्या मोबाइलवर आकडा येतो, तो मी सांगितला की भाऊ आत. तोवर त्याच्या हातातलं आइस्क्रीम वितळतं. मी या व्यवस्थेची समर्थक होते हेही सांगून टाकते. समितीत तसा ठराव मांडणारी मीच.

सातारा

साताऱ्याच्या स्टँडवर कऱ्हाडची गाडी लागली आणि एकच झुंबड उडाली. मी पिशवी सावरत मागं राहिले. तेवढ्यात खिडकीतून पांढऱ्या मिशांनी हाक मारली.

"आवं बाई, हिकडं या! रुमाल टाकलाय तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? तुम्ही ओळखता मला?"

"वळखायचं काय त्यात? म्हातारं माणूस हुबं ऱ्हाईल का? बसा."

म्हातारं माणूस! मला राग आला, पण जागा खिडकीची होती. हे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. साताऱ्यात दर चार घरांमागं एक असतो, आणि प्रत्येकाला अजून कोणाची तरी रांग लावायची हौस असते. त्यांनी माझी पिशवी वर ठेवली आणि दचकून विचारलं, "लय जड हाय. काय भरलंय?"

"कुलूप," मी म्हणाले.

ते चपापले. पुढं कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी मला पेढे दिले, सियाचीनची थंडी सांगितली, पण कुलपाविषयी काही विचारलं नाही. उतरताना मी नाव विचारलं तर म्हणाले, "नाव काय करायचंय? पेढं गोड लागलं का न्हाई?"

कऱ्हाडात अख्खा मसूर आणि भाकरी खाल्ली. मसूर इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतला. पुढं कडेगावपर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी अडवलेला. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यातून घसरलेला ऊस ओढून घेणारी पोरं. आमचा ड्रायव्हर त्यांना शिव्या देत होता आणि एक कांडकं मिळाल्यावर स्वतःच चोखत बसला. कडेगावला मुक्कामी गाडी मिळाली तेव्हा दिवस मावळायला आला होता. वारा बोचरा होता, धूळ उडत होती. मी तोंडाला स्कार्फ गुंडाळून घेतला.

मुक्कामी गाडी

थांब्यावर उतरले तेव्हा अंधार पडला होता. आत्याच्या ओसरीवर पिवळा दिवा, पायरीशी गरम पाण्याची बादली, आणि दारात गळ्यात हात अडकवलेली आत्या. माझ्यापाठोपाठ कंडक्टर उतरला.

"शिष्टर, आज तिघं. मी, डायव्हर आणि ह्या बाई."

त्या पंचक्रोशीत तिला सगळे शिष्टरच म्हणतात. मी हाक मारणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "या बाई, पाय धुवा. पाणी ऊन हाय." आणि वळून आत गेली. तिनं मला ओळखलं नव्हतं. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि माझ्या तोंडावर फडकं.

मला गंमत सुचली. म्हटलं, बघू तरी अनोळखी माणसाला काय मिळतं इथं. नंतर अनिलला सांगायला पुरावा होईल.

मिळालं ते असं. पाय धुवायला ऊन पाणी आणि पुसायला कोरडा पंचा. बसायला घोंगडी. वाघ्या घेवड्याची उसळ, गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. भाकऱ्या शेजारची रशिदाभाभी थापत होती, आत्याचा हात मोडल्यापासून ती रोज संध्याकाळी येते. दूध पलीकडच्या सुभेदारांच्या गोठ्यातून येतं. आत्यानं डोळे मिटून प्रार्थना केली, "देवा, दिलंस. आमी वाटून खातो." कंडक्टरनं कपाळाला हात लावत मोठ्यानं "आमेन" म्हटलं, तो आमच्या चर्चमधल्या कित्येकांपेक्षा खणखणीत होता. आणि सगळ्यांत मऊ भाकरी माझ्या ताटात आली. पण कोण, कुठली, कोणाकडं आले, कोणी काही विचारलं नाही. मला खोटं नाव शोधून ठेवावं लागलं नाही. माझ्याच फाटकावर मी उभी राहिले असते तर एव्हाना चार रकाने भरले असते, हे मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं.

ताटं रिकामी झाली तेव्हा आत्या माझ्यासमोर येऊन बसली.

"आता सांगा बाई. नाव काय आपलं?"

मी स्कार्फ कधीच काढलेला होता. म्हणाले, "आत्या, मी गं. शोभा."

"ते कवाच कळलं. स्कार्फ सोडलास तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"जेवल्याबिगर नाव विचारायचं न्हाई, हा ह्या घराचा नियम. भाची झाली म्हणून काय मोडू व्हय?" मग तिनं माझ्या ताटाकडं बोट दाखवलं. "ऊठ. पाहुण्याचं ताट आमी उचलतो. घरच्यांनी आपलं आपण धुवायचं."

म्हणजे नाव सांगितलं आणि मी पाहुणीची मोलकरीण झाले. रशिदाभाभी हसून हसून तव्यावरची भाकरी जाळून बसली.

नियम

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढून टेबलावर ठेवलं. बोलणं स्पष्ट असावं या मताची मी आहे.

"अनिलला तुझी काळजी वाटते," मी म्हणाले. "तो चुकीचं बोलत नाही. तू एकटी, वय झालेलं, हात मोडलेला, आणि दारात रोज कोणीतरी परका. एकानं तांब्या नेला."

"नेला खरा. पाणी प्यायला नेला असंल."

"आत्या!"

"बरं, चोरला. तांब्या गेला, मी हाय की."

तिला हटवणं शक्य नाही हे मला कळत होतं, पण मी हटणार नाही हेही तिला कळत होतं. सोमवारी निघायचं मी ठरवूनच टाकलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "मग आज रातचं तूच वाढ. रशिदाची नणंद आलीया, ती येणार न्हाई. माझा हात असा."

मी म्हटलं, त्यात काय मोठं! आमच्या चर्चच्या प्रीतिभोजनाला मी पाचशे पानांची व्यवस्था पाहिलेली आहे. भाकऱ्या जाड झाल्या, पण झाल्या. गाडी आली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक म्हातारे गृहस्थ. मळकं धोतर, काखेत बोचकं. पुढच्या गावी लेकीकडं निघालेले, शेवटची जीप चुकलेली. पाय धुतले, घोंगडीच्या कडेला टेकले. प्रार्थना झाली. मी त्यांच्या ताटात उसळ वाढली, त्यांनी घास मोडला, आणि मी, तीस वर्षं हजेरी घेतलेली बाई, अगदी प्रेमानं, चार शब्द बोलावेत म्हणून विचारलं, "काका, नाव काय तुमचं? कुठले तुम्ही?"

त्यांचा हात तोंडाशी गेला होता. तो खाली आला. घास ताटात परत ठेवला. त्यांनी नाव सांगितलं, फक्त पहिलं. थोडं थांबून वस्तीचं नाव सांगितलं. आणि ताट उचलून उभे राहिले.

"मी हितं पायरीवर बसतो, बाई. मला बरं पडतं."

"अहो, नाही, काका, मी सहज..."

"न्हाई, न्हाई. बरं पडतं." ते बाहेर जाऊन पायरीवर, दिव्याच्या उजेडाबाहेर बसले.

आडनाव मी ऐकलंही नव्हतं, मला ते हवंही नव्हतं. पण या माणसाला आयुष्यभर ज्यांनी नाव विचारलं, त्यांनी ते कशासाठी विचारलं होतं हे त्याला पाठ होतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

आत्यानं डाव्या हातात आपलं ताट घेतलं, भिंतीला टेकत उठली आणि बाहेर जाऊन त्या म्हाताऱ्याच्या शेजारी पायरीवर बसली. कंडक्टरनं ड्रायव्हरकडं पाहिलं. दोघांनी ताटं उचलली आणि तेही खालच्या पायरीवर गेले. घोंगडीवर मी आणि भाकऱ्यांची टोपली, दोघीच उरलो.

"शिष्टर, लेकीनं घर बांधलंय नवं," म्हातारा बाहेर सांगायला लागला होता. "स्लॅबचं."

"किती खोल्या?"

"दोन. आन् मला न्यारी पडवी."

मी टोपली उचलली आणि बाहेर गेले. पायरीवर जागा नव्हती, म्हणून खाली मातीत बसले. नवी साडी होती. "काका," मी म्हणाले, "भाकरी जाड झालीय, चालेल का?" ते माझ्याकडं पाहून हसले आणि म्हणाले, "लेक बी जाडच करती."

ताटं धुताना आत्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी नर्स म्हणून नवी आले तवा बाळंतपणं करायची मी," ती म्हणाली. "बाळ माझ्या हातात यायचं, आणि च्या आणायच्या आधी विचारायचे, शिष्टर, तुमी मूळच्या कुठल्या? सांगितलं की कप दुसरा यायचा. कान तुटका. तवाच ठरवलं, आपल्या घरी नाव मागनं." मग जरा थांबून, "आपल्या प्रभूनं डोंगरावर पाच हजार जेवू घातली, त्यात एकाचं तरी नाव विचारलंय का, सांग? तू वाईट मनानं न्हाई विचारलंस. पण त्येला कसं कळावं?"

मी रडले. लपवण्यासारखं त्यात काही नाही. सोमवारी सकाळी अनिलला फोन करून सांगितलं, "आत्या येत नाही. मीही येत नाही, प्लास्टर निघेपर्यंत. भाकऱ्या कोण करणार?"

तो म्हणाला, "तुला पण खुळी केली तिनं," आणि फोन ठेवला.

शनिवार

आठवडाभर मी पातळ भाकरी शिकले. सुभेदार रोज संध्याकाळी काठी आपटत येऊन विचारायचे, "मेस तयार? आज भाकरी का चिलखत?" बुधवारच्या छोट्या प्रार्थनासभेत मला गाणं सांगायला लावलं. रशिदाभाभीनं माझी थापण्याची पद्धत पाहून कपाळाला हात लावला, मग हाताला धरून शिकवलं. सुभेदारांच्या सुनेनं रात्रीचं आत्याकडं झोपायला यायचं ठरवून टाकलं होतं, मला न विचारता. पुण्यात एवढ्या गोष्टीला आम्ही सभा बोलावली असती.

शनिवारी गाडी जरा उशिरानं आली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "शिष्टर, आज एक सायेब बी हायेत! घाटाच्या वळणाला गाडी बंद पडली त्यांची, उसाच्या ट्रॉलीमागं हुबे होते हात करत. म्हटलं, चला, पोटापुरतं ठिकाण दावतो."

सायेबांच्या मागं लेकराला खांद्यावर टाकलेली एक बाई उतरली. आणि दिव्याखाली आले ते सायेब म्हणजे अनिल. इस्त्रीचा शर्ट, हाताला ग्रीस, चेहरा रागानं आणि दमानं लाल.

"आई, मला तुझ्याशी..."

"पाय धुवा. पाणी ऊन हाय," आत्या म्हणाली. तोच स्वर, ती बाई आणि तो, दोघांना एकच.

अनिलनं माझ्याकडं पाहिलं. मी उसळ ढवळत राहिले. त्यानं पाय धुतले. घोंगडीवर कंडक्टर आणि त्या बाईच्या मधे बसला. प्रार्थना झाली, "देवा, दिलंस. आमी वाटून खातो." मी त्याच्या ताटात सगळ्यांत मऊ भाकरी वाढली, कारण ती पाहुण्याची असते.

कंडक्टर जेवता जेवता बोलतो. "सायेब, पुण्याचं का तुमी? शिष्टरचा पोरगा बी पुण्यातच हाय म्हणं. तिला न्यायचं म्हणतोय. न्हेऊ दे, तेचा हक्क हाय. आमी जेवू कुठं बी. पर मला सांगा, तितं तिच्या दारात मुक्कामी गाडी येईल का? न्हाई आली तर ही बाई संध्याकाळी करंल काय?"

अनिल भाकरी मोडत राहिला, मोडत राहिला. लेकुरवाळ्या बाईचं मूल जागं होऊन रडायला लागलं तेव्हा तिचा हात खरकटा होता. अनिलनं आपला डावा हात पुढं केला आणि मूल मांडीवर घेतलं. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला दही लागलं. आत्या डाव्या हातानं जेवत होती, तिचे घास सांडत होते. तो ते पाहत होता. लहानपणी याच घोंगडीवर त्यानं जेवण केलेलं, परक्या माणसांच्या पंगतीत, आणि मला नक्की वाटतं की ते त्याला त्या क्षणी आठवलं.

ताटं रिकामी झाली. आत्या त्याच्यासमोर येऊन बसली, जशी माझ्यासमोर बसली होती.

"आता सांगा. नाव काय पाहुण्याचं?"

कंडक्टर पाणी पिता पिता थांबला.

"अनिल," तो म्हणाला. "अनिल शांतवन साळवे."

"राहणार?"

दिव्याभोवती पाखरं आपटत होती. मूल त्याच्या मांडीवर झोपलं होतं. पुण्याची पंधरा वर्षांची सवय असलेला माझा भाऊ खाली मान घालून, गावच्या बोलीत म्हणाला, "हितलाच हाय की गं."

"मग ऊठ," आत्या म्हणाली. "घरच्यांनी ताट आपलं आपण धुवायचं."

अनिलनं मूल त्या बाईकडं दिलं. आपलं ताट उचललं, मग कंडक्टरचं, ड्रायव्हरचं, त्या बाईचं. आईचं शेवटी उचललं आणि मोरीकडं गेला. आत्या मागून ओरडली, "जपून रं, फरशी गुळगुळीत हाय!" सकाळी त्यानं गाडीच्या मेकॅनिकच्या आधी गवंडी बोलावला आणि ती फरशी खडबडीत करून घेतली.

कुलूप मी रशिदाभाभीला दिलं. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर एक बोका टपून असतो.